सुदेशच्या उजवीकडची जागा

१

करवा चौथच्या दिवशी माझ्याकडे एकच काम असतं, आणि ते म्हणजे जिवंत राहणं. बाकीचं सगळं माझी बायको सुदेश करते. पहाटे चारला उठून ती दुधातल्या फेण्या खाते, एक मठरी, अर्धं सफरचंद, वर तांब्याभर पाणी. आणि मग चंद्र दिसेपर्यंत तोंडात थेंब नाही. हे सगळं माझ्या दीर्घायुष्यासाठी. कालवे खात्यात कारकुनी करणाऱ्या माणसाचं आयुष्य आणखी लांबवून देशाला काय मिळणार, असं मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला विचारलं होतं. "देशाचं मला काय करायचंय," ती म्हणाली, "मला पांढरी ओढणी शोभत नाही." त्यानंतर मी विचारलं नाही.

नकोदरच्या आमच्या गल्लीत सगळ्यात मोठं अंगण आमचं, म्हणून दुपारी चारला थाळ्या फिरवायला बायका आमच्याकडे येतात. अकरा बायका. गेली सात वर्षं त्यात एक वाढली नाही, एक कमी झाली नाही. अंगणात दरी, म्हणजे सतरंजी, अंथरायची, गोल करून बसायचं, आपापली थाळी मांडीवर घ्यायची. थाळीत कणकेचा दिवा, मठऱ्या, पाण्याची लोटी, आणि कडेवर घडी घातलेला विणलेला रुमाल. कौसल्याबीजी ऐंशीच्या पुढच्या, पण गाणं त्यांनीच उचलायचं. गाणं सुरू झालं की प्रत्येकीनं आपली थाळी डावीकडचीला द्यायची आणि उजवीकडचीची घ्यायची. आपली थाळी फिरून आपल्या हातात आली की एक फेरा झाला. असे सात. पहिल्या सहा फेऱ्यांत गाणं सांगतं आज काय काय करायचं नाही: कापडाला सुई लावायची नाही, सूत कातायचं नाही, रुसलेल्याला मनवायचं नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही. सातव्या फेऱ्यात सगळ्याला मोकळीक. रुसलेल्याला न मनवण्याचा नियम सुदेश वर्षभर पाळते.

पुरुषांनी हे बघायचं नसतं. मी बैठकीत दिवाणावर, चिकाच्या पडद्यामागे, वर्तमानपत्र घेऊन पडतो आणि बघतो.

सुदेश माझी दुसरी बायको. पहिली तृप्ता. ती लग्नानंतर वर्षाच्या आत गेली. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीची चांदीची छोटी मूरत गळ्यात घालायची असते, आणि नवा सूट असो, लाडू असो की पाण्याचा घोट, आधी त्या मूरतीला लावून मगच स्वतः घ्यायचा असतो. सुदेशनं हे चाळीसहून अधिक वर्षं बिनतक्रार केलं. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात जालंधरला तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मूरत उतरवली. घरी येऊन परत घातली तर गळ्याला पुरळ. डॉक्टर म्हणाले, धातूची अॅलर्जी. मूरत कपाटातल्या डब्यात गेली.

त्या वर्षीच्या करवा चौथला पहाटे ती फेण्या खाताना मी विचारलं, "मूरत?"

"पुरळ उठतं. बहनजी समजून घेतील." तृप्ताला ती बहनजीच म्हणते. तिनं वाटी तोंडाला लावली. "इतकी वर्षं घेतलंच ना समजून."

मला ते पटलं. मला त्या काळात बऱ्याच गोष्टी पटत.

२

चार वाजून दहा मिनिटांनी बीजींनी गाणं उचललं.

थाळी हातातून हातात जाताना तिची कड बांगड्यांना लागते आणि ठण्ण वाजतं. अकरा बायका, म्हणजे अकरा ठणके, की बीजी "चलो" म्हणतात आणि पुढचा फेरा. हा ठेका माझ्या डोक्यात इतका बसलाय की वर्तमानपत्र वाचता वाचताही कान तो मोजत असतात. पहिला फेरा संपला तेव्हा मला नुसतंच काहीतरी खुपलं. टाइप केलेल्या पत्रात जावक क्रमांक चुकला असला की मजकूर वाचायच्या आधीच खुपतं, तसं. दुसरा फेरा मी मुद्दाम मोजला. बारा ठणके. तिसरा, बारा.

मी पेपर खाली ठेवला आणि चिकाच्या फटीतून डोकी मोजली. अकरा. आमच्या ऑफिसात रजेचे अर्ज मोजायचो तसं दुसऱ्या टोकापासून पुन्हा मोजलं. अकरा. मग थाळ्या. हलत्या वस्तू फटीतून मोजणं सोपं नाही, म्हणून तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा बारा.

ह्याला कारण असणार. कुणाची तरी सून कॅनडात असते, तिच्या नावाची जादा थाळी कुणीतरी आणली असेल. गल्लीतली निम्मी मुलं कॅनडात आहेत. थाळ्या एवढ्यावरच थांबल्या हेच नवल. मी पेपर पुन्हा उचलला. चार ओळी वाचल्यावर लक्षात आलं, की जादा थाळी आणणारीनं दोन थाळ्या एकदम पुढे केल्या असत्या. ठणका जादा पडायला हात जादा लागतात.

मग मला ती जागा दिसली. सगळ्या बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. फक्त सुदेश आणि तिच्या उजवीकडची बिमला सेहगल यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी दरी मोकळी होती. बिमला म्हणजे शेजारणीच्या मांडीवर अर्धी बसल्याशिवाय जिला बोलता येत नाही अशी बाई. तिनं तेवढं अंतर ठेवून बसावं, आणि ते तिच्याही लक्षात नसावं, हे मला थाळ्यांपेक्षा चमत्कारिक वाटलं.

आणि ती बारावी थाळी. बाकीच्या सगळ्या गोटा-किनार लावलेल्या, बाजारच्या. सुदेशची पितळी. ही कांशाची होती, काळपट, वर रुमाल नाही, लोटी नाही. नुसता दिवा. अंगणात आमचा उभा पंखा मान फिरवत होता. त्याचं तोंड ज्या थाळीकडे वळे तिची ज्योत वाकायची आणि मग सरळ व्हायची. कांशाच्या थाळीतली ज्योत वाकत नव्हती. ती अख्खं रिंगण फिरून पंख्यासमोरून गेली, आणि वाकली नाही.

३

चौथ्या फेऱ्याच्या शेवटी गाणं अडकलं.

"बिमला," सुदेश म्हणाली, "माझी थाळी?"

"दिली ना तुझ्या हातात."

"माझ्या हातात ही आहे."

सगळ्या वाकून बघायला लागल्या. "अगं, कांशाची! आता कोण वापरतं ही? निधी, तुझ्या सासूची का ग?"

"नाही आंटी," गल्लीतली सगळ्यात धाकटी सून म्हणाली, "माझी तर ऑनलाइन मागवलेली आहे."

"मग सुदेशची गेली कुठं?"

"मी दिली," बिमला म्हणाली. "देवाशपथ. पितळी, पिवळा रुमाल. मी उजवीकडून घेतली आणि डावीकडे दिली, ही बघ अशी. आणि सुदेशनं घेतली. हात लागला ना मला. इतका गार हात! मी मनात म्हटलं, ऑपरेशन झालेल्या बाईनं कशाला निर्जळी धरायची."

सुदेशनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग उजवीकडे, त्या रिकाम्या दरीकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. भाजीवाल्यानं तराजूत अंगठा टेकवलेला दिसला की तिचा चेहरा जसा होतो तसा झाला. घाबरलेला नव्हे, पकडलेला.

त्याच सुमाराला माझ्या मांडीवरून पेपर घसरला आणि मला तो उचलता आला नाही.

आधी पाय गेले. दुखलं वगैरे काही नाही. मुख्य कालव्यातून फाट्यात पाणी सोडलं की शेवटच्या मोरीपर्यंत पोचायला वेळ लागतो, तसं काहीतरी जड, गार, पायांतून सावकाश वर चढत होतं. गुडघे, कंबर. मी स्वतःला समजावलं: दुपारी दोन पराठे जास्त झाले, रक्तदाबाची गोळी नवीन आहे, बहात्तर वर्षांच्या माणसाला झोप येणारच. तिन्ही कारणं उत्तम होती. कुठल्याही वरिष्ठानं त्यावर सही केली असती. फक्त मला डोळे मिटता येत नव्हते, आणि छताकडे बघत मी वाट बघत होतो ती पुढच्या श्वासाची, कारण मागचा कधी घेतला होता ते आठवत नव्हतं.

४

चिक बाजूला झाला. बिमलानं बसल्या जागेवरून मान लांब करून आत डोकावलं असणार.

"भाईसाब झोपले ग. तोंड उघडं आहे."

"त्यांचं तोंड उघडंच असतं," सुदेश म्हणाली. मग, "घोरतायत?"

"नाही बाई."

अंगणात पंखा करकरत होता.

"घोरल्याशिवाय ते झोपत नाहीत," सुदेश म्हणाली.

"उठवू का? हाक मारू? भाईसाब—"

"खबरदार!" बीजी ओरडल्या. ऐंशीच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "चार फेरे झालेत. सातवा झाल्याशिवाय झोपलेल्याला उठवायचं नाही. सुवासिनीनं तर नाहीच नाही. आणि रिंगणातून कुणी उठायचंही नाही."

"कुणी उठवणार नाही, बीजी," सुदेश म्हणाली. "आणि कुणी उठणारही नाही."

"मग चला, पाचवा घ्या. थाळी सापडेल नंतर."

"हरवलेली नाही ती. कुठं आहे ते मला ठाऊक आहे."

गाणं सुरू झालं. एक ठणका. दोन. आणि थांबलं.

"सुदेश, दे ना पुढं."

"नाही."

"अगं, रिंगण अडलं."

"अडू दे."

"सूर्य मावळेल."

"मावळू दे."

"माझ्याकडे नणंद आलीये, पुऱ्या तळायच्यात," कुणीतरी रडवेल्या सुरात म्हणालं.

"मग ऊठ," सुदेश म्हणाली. कुणी उठलं नाही.

मान वळत नव्हती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून, बाजूला झालेल्या चिकातून मला ती दिसत होती. कांशाची थाळी मांडीवर, दोन्ही हातांचे पंजे तिच्या कडांवर घट्ट. मी तिला रेशनच्या रांगेत असं बसलेलं पाहिलंय. मुलाच्या शाळेच्या हेडमास्तरच्या दारात पाहिलंय. अशी बसली की ती मिळवूनच उठते. तिथून सगळे तिला ओळखतात. तिच्या उजवीकडे, रिकाम्या जागेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक पिवळा ठिपका होता. तो रुमाल होता, की उन्हाचा कवडसा, हे मला त्या कोनातून सांगता येणार नाही.

गार पाणी छातीपर्यंत आलं होतं. छताला एक तडा आहे. तो मी कितीतरी वर्षं बुजवायचा म्हणतोय. मला वाटलं, आता राहिलं.

तेव्हा सुदेश बोलली. त्या रिकाम्या जागेकडे न बघता, समोर बघून.

"बहनजी, तुमची वस्तू माझ्या मांडीवर आहे. माझी तुमच्याकडे आहे. मी दिवे लागेपर्यंत बसेन. उद्या सकाळपर्यंत बसेन. उपाशी बसायची सवय तुम्हाला असेल, मलाही आहे. चाळीसच्या वर झालेत माझे. तुमचा एक."

बायकांमधून कुणीतरी 'हाय रब्बा' म्हणालं आणि पदरात तोंड लपवलं. सुदेश उजवीकडे झुकली. कानाशी बोलावं तशी. जे काही बोलली ते बराच वेळ बोलली, आणि मला एक शब्द कळला नाही. मग तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. पुन्हा काहीतरी म्हणाली, या वेळी थोडक्यात.

ठण्ण.

माझ्या छातीवरून सिमेंटचं पोतं कुणी उचललं असावं तसा श्वास आत शिरला, आणि तो इतक्या मोठ्यानं शिरला की बाहेर बिमला किंचाळली, "घोरले! घोरले ग बाई!" सगळ्या जणी हसल्या. नको तितका वेळ हसल्या. सुदेशच्या हातात पितळी थाळी होती, पिवळा रुमाल होता, दिवा जळत होता. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "बीजी, पाचवा."

पाचवा, सहावा, सातवा. प्रत्येकाला बारा ठणके. मोजणारा मी एकटाच.

बायका गेल्या. उठताना अकरा थाळ्या उचलल्या गेल्या. बारावी कुणाच्या हातात दिसली नाही, आणि तिचं पुढे काय झालं असं कुणी विचारलंही नाही. सुदेश दरी गुंडाळायला लागली. गुंडाळत गुंडाळत आपल्या उजवीकडच्या जागेपाशी आली आणि थांबली. कुणी उठायची वाट बघावी, तशी. मग उरलेली गुंडाळली.

५

आठ वाजून दहा मिनिटांनी चंद्र होता. तोवर मी अंगणात फेऱ्या मारल्या, स्वतःची नाडी मोजली, आणि झाल्या प्रकाराची मुद्देसूद टिप्पणी मनात तयार केली. गोळी, पराठे, उपाशी बायकांचा भ्रम. टिप्पणी चांगली झाली होती. एकाच ठिकाणी अडत होती.

तृप्ताची पहिली आणि शेवटची करवा चौथ. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कालव्याच्या विश्रामगृहात दौऱ्यावर. दौरा चारला संपला. मग पत्त्यांचा डाव बसला. डाव म्हणजे काय, मित्रांसमोर 'बायको वाट बघतेय' म्हणायची लाज. चंद्र उगवला तो मी खिडकीतून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो आणि जागरणानं सरळ झोपलो. आईनं नंतर सांगितलं, की काळजी करू नको, तिनं रात्रीच आईच्या हातून पाणी घेतलं. मला ते पटलं. तीन महिन्यांनी तृप्ताला कावीळ झाली आणि महिन्याभरात ती गेली. डॉक्टर म्हणाले, उपासाचा काही संबंध नाही. डॉक्टरांशी मी नेहमीच सहमत असतो.

गच्चीवर सुदेश चाळणी, लोटी आणि पेला घेऊन आली. आजूबाजूच्या गच्च्यांवर दिवे होते, मुलं ओरडत होती, "निकला! निकला!" पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला. सुदेशनं चाळणीतून तो पाहिला, मग मला पाहिलं, चंद्राला पाणी सोडलं. आता मी पेला तिच्या ओठांना लावायचा. मी पेला उचलला. तिनं तोंड बाजूला केलं.

"आधी तिला."

"कुणाला?"

"अहो, आता तरी नाटकं करू नका. माझ्या उजवीकडे."

"सुदेश, तुझी साखर कमी झालीये. बैस तू."

"माझी साखर मला कळते. त्या वर्षी तुम्ही दिलं नव्हतंत."

"आईनं दिलं होतं. रात्रीच."

"ते तुम्हाला सांगितलं. मला त्यांनी जाताना खरं सांगितलं." सुदेशचा आवाज कोरडा होता; दिवसभर घशाखाली थेंब गेला नव्हता. "सकाळी तुम्ही आलात तेव्हा ती जिन्यात बसली होती. पेला भरून. तुम्ही तिच्या शेजारून वर गेलात आणि झोपलात. आणि झोपलेल्याला उठवायचं नसतं. ती तुमच्या उशाशी बसली. तुम्ही संध्याकाळी पाचला उठलात आणि चहा मागितलात."

मला चहा आठवत होता. उशाशी कुणी होतं का, ते आठवत नव्हतं.

"मूरत काढून घाल ना परत," मी म्हणालो. "डब्यातच आहे. पुरळ उठलं तर उठू दे."

"माणूस दारात आल्यावर फोटोला नमस्कार करत नाहीत. द्या पाणी. हात लांब करा."

मी हात लांब केला. सुदेशच्या उजवीकडे, कठड्याच्या आणि तिच्यामध्ये. पेला हवेत धरून उभा असलेला बहात्तर वर्षांचा माणूस किती मूर्ख दिसतो, हा विचार मी मुद्दाम करत होतो. शेजारच्या गच्चीवरून बिमलाच्या नवऱ्यानं मला तसं पाहिलं असतं तर गल्लीत वर्षभर पुरलं असतं. मग पेल्याची कड कशाला तरी टेकली. मऊ. आणि आवाज सुरू झाला.

पाणी पिण्याचा आवाज. घाईचा नाही. एक घोट, मग पुढचा, मध्ये श्वास नाही. टाकीच्या सावलीतून चंद्र पूर्ण बाहेर आला आणि मला एक गळा दिसला. तेवढाच. वर हनुवटी नाही, खाली खांदे नाहीत. कातडी ताणून वर केलेला तरुण गळा, आणि त्यात घोट उतरताना होणारी हालचाल. एकोणीस वर्षांच्या मुलीचा गळा. मला तो ओळखता यायला हवा होता. मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

पेला हलका झाला. रिकामा झाला. आवाज थांबला नाही.

गिळणं चालूच होतं, कोरडं, रिकाम्या पेल्यातून, आणि पेला माझ्याकडून पुढे ओढला जात होता. त्याच्याबरोबर बोटं. बोटांमागून मनगट गार पडत चाललं.

"बस, बहनजी," सुदेश म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं आणि खाली आणलं. जोर लावून आणलं. "ठरलंय तेवढंच. आता माझी पाळी."

तिनं पेला लोटीतून पुन्हा भरला, माझ्या हातात दिला, आणि माझा हात धरून स्वतःच्या ओठांना लावला. अख्खा प्याली. मग म्हणाली, "चला खाली. राजमा गार होतोय."

६

जेवताना मी विचारलं, "काय ठरलंय?"

"काय?"

"तू वर म्हणालीस, ठरलंय तेवढंच. दुपारी रिंगणात तिच्याशी काय बोललीस?"

"बायकांच्या गोष्टी." तिनं भात वाढला. "ती ऐकेना. म्हणाली, हक्क आधीचा आहे. तो आहेच, मी काय खोटं बोलू? मग मी म्हटलं, मी आहे तोवर हे माझे. नंतरचं नंतर."

"नंतरचं म्हणजे?"

"म्हणजे नंतरचं. मी गेल्यावर मला कशाला विचारता?"

"आणि मी आधी गेलो तर?"

वाढणी भातात तशीच राहिली.

"तसं होणार नाही," ती म्हणाली. "ते मी आधीच मागून घेतलंय. तुमचं जाणं माझ्या नंतर." मग नेहमीच्या आवाजात, "लोणचं घ्या. दिवसभर तुमच्यासाठी मेले मी, दोन घास जास्त खाल्लेत तर काही बिघडत नाही."

नंतर जालंधरला माझ्या ईसीजीची पट्टी काढली. पट्टी उत्तम आली. डॉक्टर म्हणाले, अजून वीस वर्षं बघायला नको. मी त्यांना म्हटलं, माझं सोडा, बायकोचं बघा. त्यांनी तिचा रक्तदाब, साखर, सगळं तपासलं. आकडे फार वाईट नव्हते. फार चांगलेही नव्हते.

तेव्हापासून माझी दिनचर्या बदलली आहे. सकाळी सहाला तिला फिरायला नेतो. ती नको म्हणते, मी नेतो. गोळ्या मी मोजून देतो आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो. तूप कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय, जिथं तिचा हात पोचत नाही. तिला साधी शिंक आली तरी मी वाक्य अर्धं सोडून तिच्याकडे बघतो, आणि मग, माझ्याही नकळत, तिच्या उजवीकडे.

आणि या वर्षी करवा चौथला मीही निर्जळी धरली. पहाटे चारला उठून तिच्याबरोबर फेण्या खाल्ल्या. दुपारी चारला बायका आल्या तोवर जीभ टाळ्याला चिकटली होती. मला ती कळली, ती तहान. तिच्याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता.

बातमी गल्लीभर झाली होती. "काय भाईसाब," बिमला दारातूनच ओरडली, "बायकोसाठी उपास? या वयात रोमान्स?"

"रोमान्स कसला," सुदेश दरी अंथरता अंथरता म्हणाली. "नोकरी टिकवतायत."

सगळ्या हसल्या. बसताना सुदेशनं बिमलाला हातानंच थोडं सरकवलं आणि आपल्या उजवीकडे मोकळी जागा ठेवली. बिमलानं का म्हणून विचारलं नाही.

मी चिकामागे दिवाणावर ताठ बसून राहिलो, डोळे उघडे ठेवून. संध्याकाळी चंद्राकडे मी पुष्कळ काही मागितलं. सव्वीस वर्षांच्या वयात मागितलं नव्हतं ते सगळं. सुदेशला शंभर वर्षं. निदान नव्वद. पुढल्या वर्षीही मागणार आहे, त्याच्या पुढल्याही. मी हट्टाला पेटलोय असं सुदेश म्हणते, आणि तिच्याकडूनच शिकलोय म्हणते.

सुदेश आता अडुसष्टची आहे. मी त्र्याहत्तरचा. तिसरी एकोणीसची, तिला घाई नाही.